कोंढ्याचा संघ आणि तंबाखूची चढाई

कबड्डी सुटून जमाना झाला. पण आम्ही कोंढ्याचे जुने खेळाडू कुठे भेटलो, की जिंकलेल्या ढालींचं कोणी नाव काढत नाही. निघतात ते बिडी-तंबाखूचेच किस्से! एक संपत नाही, तर दुसऱ्याचं तोंड उघडलेलंच असतं.

सत्तरच्या दशकात पांडुरंग आमचा कॅप्टन होता. त्यानं टेस्ट काढली: कडुनिंबापासून विहिरीपर्यंत एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जाईल, तोच संघात. मारोती म्हणजे सांडासारखा गडी, पण अर्ध्यातच फुस्स!

“एवढं शरीर, आन् दम नाही?” पांडुरंग ओरडला.

मारोती खोकत म्हणाला, “दम हाय ना गा! पर सारा बिडीत गेला!”

* * *

त्या दिवसापासून मारोतीनं बिडी सोडली. बिड्यांचा कट्टा मात्र खिशात तसाच!

“सोडली ना? मंग काहून घेऊन फिरून राहिला?” मी विचारलं.

“घरी ठेवली त मी तिच्यामागं धावीन. खिशात हाय, त ते माह्यामागं फिरून राहिली!”

बायकोनं तो कट्टा शर्टासोबत दोनदा धुतला, पण त्यानं तो कधी फोडला नाही. पुढच्या मोसमात मारोती संघात होता!

* * *

आमचा खरा चढाईबहाद्दर तुकाराम. सिहोऱ्याच्या सामन्यात पठ्ठ्या तंबाखूचा बार ओठाखाली धरूनच चढाईला गेला. थुंकावं तर दम तुटतो, गिळावं तर जीव जातो! तोंडातून नुसतं ‘मुंमुंमुं’.

पंच म्हणाले, “कबड्डी ऐकू येत नाही. बाद!”

सामना गेला. परतताना तुकाराम ढसाढसा रडला. पांडुरंग एवढंच बोलला, “तुले सिहोऱ्यानं नाही, तंबाखूनं धरलं!”

* * *

मग तुकारामनं तंबाखूची डबी बायकोच्या, अनसूया वहिनींच्या हातात दिली. “लपवून ठेव. मांगली तरी देऊ नको!”

दुपारपर्यंत गड्यानं माळा झाडला, फडताळ पुसलं, धानाची पोती हलवून सारं घर लख्ख केलं. अनसूया वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

“रोजच सोडत जा ना जी!”

मारोती आणि तुकाराम एकाच आळीतले, एकाच वयाचे. एकाला जमलं, दुसऱ्याला का जमेना, हे आम्हाला कधी कळलं नाही.

* * *

आनंदला तर सोडायची वेळच आली नाही. एका गावी आम्ही जिंकलो, तर यजमान मोहाची दारू घेऊन हजर! “एक घोट घ्याच!”

आनंदनं हात जोडले. “छप्पन साली मायनं दीक्षा घेतली, पंचशील घेतलं. दारूले शिवाचं नाही!”

“अरे, ते मायनं घेतलं! तू काहून नाही म्हणतं?”

“मी तिच्या कडेवर होतो ना! म्हंजे मीबी घेतलंच!”

यजमान हसले आणि पातेल्याएवढा मोठा गंज भरून ताक घेऊन आले.

* * *

पवनीची फायनल. शेवटची चढाई तुकारामची. तिघांनी कंबर धरली, चौथा पाठीवर. तरी ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तो फरफटत आला आणि बोटांनी मधली रेषा गाठली. जिंकलो! पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात गर्दीतल्या एकानं खुशीत चिमूटभर मळलेली तंबाखू त्याच्यापुढे धरली.

तुकारामनं श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं, “कबड्डी कबड्डी कबड्डी...”

“अगा, मॅच संपली! आता कोणाले शिवायचं हाय?” पांडुरंग ओरडला.

तुकारामनं बोलणं न थांबवता समोरच्या पानठेल्याकडे बोट दाखवलं. आणि खांद्यावरून, तसाच ‘कबड्डी’ घुमवत, ठेला पार करून गेला!