नरसय्यामामांचा डावा डोळा

डोळ्यात थेंब घातले की माणूस अर्धा तास बिनकामाचा होतो. मोबाईल दिसत नाही, पेपर वाचता येत नाही. मग तो बोलतो. सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. किस्से मला शोधावे लागत नाहीत, ते बाकावर बसलेलेच असतात. त्यातले निम्मे एकट्या नरसय्यामामांचे.

मामांनी जन्मभर यंत्रमागावर चादरी विणल्या. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झाला तेव्हा ते आमच्याकडे आले. आमच्या डॉक्टर मॅडमना सोपं करून सांगायची भारी हौस. म्हणाल्या, "मामा, लोखंडाला हवेनं गंज चढतो ना? तसंच वय झालं की पडद्याचं होतं."

मामांनी मान डोलावली. आठवड्यानं आले ते दोन्ही डोळे चिकट करून. एरंडेल घालत होते.

"मी तेल घाला म्हणाले का?"

"सांगावं लागतंय व्हय, मॅडम? गंज म्हटला की तेल आलंच की."

मॅडमनी गंज सोडला आणि पालेभाजी धरली. गंज थोपवणारं असतं त्यात काहीतरी. तेव्हा शेजारी सांगोल्याचे एक मेंढपाळ आजोबा बसले होते, मोतीबिंदूवाले. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, आमची मेंढरं जन्मभर हिरवंच खात्यात. मग म्हातारी मेंढी आंदळी का हुती?"

मॅडमनी पालेभाजीही सोडली. मग त्यांनी मामांना गोळी लिहून दिली.

बिडीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. धुरानं पडदा लवकर जातो. मॅडमनी विचारलं तर मामा म्हणतात, "मी वढत न्हाई, तपासतो." त्यांच्या बायको लक्ष्मीबाई घरी कारखान्याच्या बिड्या वळतात. त्या मागून म्हणाल्या, "दिवसाला पंचवीस तपासतात."

मॅडमचा आवाज चढला. "मामा, उजवा गेला. डावा तेवढा राहिलाय. तो गेला तर समोरच्या माणसाचं तोंडसुद्धा दिसायचं नाही."

मामांनी त्या दिवशी बिडी सोडली. मला खरं वाटलं नव्हतं.

मॅडमनी त्यांना घरी भिंतीवर लावायला चौकटी आखलेला एक कागद दिला होता. रोज उजवा डोळा झाकायचा आणि डाव्यानं बघायचं. रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी यायचं. दोन महिन्यांनी मामा कागद गुंडाळून आले, ते माझ्याशी भांडायलाच.

"हा माल परत घ्या. आडवं बराबर हाय, उभं मधीच झोल खातंय. आमी अशी चादर दिली असती तर मालकानं तोंडावर फेकली असती."

मी हसत कागद उलगडला. रेघा सरळ होत्या. झोल कागदात नव्हता, मामांच्या डाव्या डोळ्यात होता. तासाभरात मॅडमनी डाव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. भांडकुदळ माणूस म्हणून वाचला, गप्प बसला असता तर हाही डोळा गेला असता.

तिसऱ्या इंजेक्शननंतर मामा तपासायला आले. माग सुटल्यापासून ते घरी बायकोनं वळलेल्या बिड्यांना दोरा बांधायचं काम करतात. खुर्चीत बसता बसता मला ऐकवलं, "कारखान्यातनं माजी एक बिडी परत येत न्हाई. डोळा अधू असंल, हात न्हाई."

मी त्यांचा उजवा डोळा झाकला. "वाचा मामा."

पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचता वाचता थांबले. बघत होते उघड्या दारातून बाहेर. पायरीवर लक्ष्मीबाई मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. मामांनी बांधलेली एकेक बिडी उचलत होत्या, गुलाबी दोरा सोडत होत्या, नीट बांधून परत ठेवत होत्या.

"मामा, दिसत नाही का?"

मामांनी दाराकडची नजर काढली. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "दिसतंय. पण तिला सांगू नका."