उजव्या बाजूचं बोलणं

मला आठवतं तेव्हापासून माझा उजवा कान वाहायचा. करमाडला आमच्या घरी त्यावर एकच इलाज होता. पळीत तेल तापवायचं, त्यात लसणाची पाकळी लाल करायची आणि ते कोमट झालं की कानात सोडायचं. आई मला मांडीवर आडवी पाडायची. "हलू नको गं, भाजंल," म्हणायची. ठणका थांबायचा, आणि पुन्हा उशी ओली. हळूहळू त्या बाजूनं ऐकू येणंच बंद झालं.

घरच्यांनी ते सोयीचं करून घेतलं. मला सांगायचं ते डावीकडून, मला कळू नये ते उजवीकडून. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सगळी खलबतं माझ्या उजव्या अंगाला बसून चालली. आई तर वेणी घालताना हमखास त्या बाजूला वाकून काहीबाही पुटपुटायची. "काय म्हणलीस?" विचारलं की "काय नाय, गुंता काढतेय." मला लई राग यायचा. माझ्याच कानाशी बोलायचं आणि मलाच सांगायचं नाही, ही कुठली रीत?

लग्न होऊन मी शहरात, पुंडलिकनगरला आले, मुलगी झाली, तरी कान वाहतच होता. मी डाव्या कुशीवर झोपले की मुलगी रडून रडून दमायची तरी मला पत्ता नसायचा. त्यात डावा कानही ठणकायला लागला आणि माझी पाचावर धारण बसली. दोन्ही गेले तर मुलीचं बोलणं कधी ऐकणार मी? नवऱ्याला म्हटलं, आता बास, दवाखाना.

आई सोबत आली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, डाव्याला औषधानं बरं वाटेल, पण उजव्याच्या पडद्याला मोठं भोक आहे आणि मागच्या हाडापर्यंत घाण पोचली आहे. ऑपरेशन करून हाड साफ करायचं, कानामागचाच पातळ पापुद्रा काढून नवा पडदा बसवायचा. "कान कोरडा होईल. ऐकू येईलच असं वचन देत नाही," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कानात काय घालत होतात?" मी तोंड उघडायच्या आत आईनंच मोठ्या कौतुकानं लसणाचं तेल सांगितलं. "फुटलेल्या कानात तेल घालायचं नसतं हो, आजी. आत चिघळतं," बाई म्हणाल्या. आईचा चेहरा खर्रकन उतरला.

ऑपरेशन झालं. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं, नाक शिंकरायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, केसाला तेल नाही. आई माझ्याकडंच राहिली. तेलाची बाटली तिनं आपणहून फळीच्या पार मागं सारली. मी मात्र बारीकसारीक गोष्टीवरून तिच्यावर खेकसायचे. जीव टांगणीला लागला की माझं तोंड असंच सुटतं.

महिना-दीड महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी कानात भरलेल्या औषधी पट्टीचं उरलंसुरलं साफ केलं. "पडदा छान धरलाय, आता थोडा धीर धरा," म्हणाल्या. मला मात्र नुसती घूं घूं. रिक्षात मी रडले. घरी आल्यावर आईला म्हटलं, "गेलं सगळं वाया."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेणी घालायला बसली. कोरड्या केसांत फणी अडकत होती. नेहमीसारखी उजवीकडं वाकली आणि पुटपुटली, "माझ्याच हातानं बहिरी केली गं मी तुला."

शब्दन् शब्द ऐकू आला मला. फणीची करकरसुद्धा. आनंद झालाच, पण त्याआधी तिला उत्तर द्यायचं होतं.

"तू नाय केलीस, आई," मी म्हणाले. "तेलाच्या आधीपासनंच वाहत होता तो."

फणी थांबली. मला वाटलं, मला ऐकू आलं म्हणून आता ही शेजारच्या चार घरांत सांगत सुटेल. पण ती तशीच वाकून राहिली. तिचा श्वासही ऐकू येत होता. मग हळूच म्हणाली, "मग आता मी मनातलं बोलू कुठं?"

"इथंच," मी म्हणाले, आणि मान वळवली नाही.