मला दोन पाळणे दिसले

मैत्रिणींनो, दवाखान्यात उताणी पडून, फोन तोंडावर धरून हे लिहितेय.

आज माहेरी माझ्या लेकीचं बारसं होतं. सिझरच्या वेळी पाठीत भुलीची सुई दिली, तेव्हापासून उठून बसलं की डोकं फुटतं आणि आडवं पडलं की उतरतं.

"निजली का बरी, उठली का दुखते! सोंग करून राह्यली पोरगी," काकू सगळ्या बायांसमोर म्हणाली.

मला चीड आली. उठले आणि भिंत धरत पाळण्यापाशी गेले.

तिथे मला दोन पाळणे दिसले. लेकीला घ्यायला एकात हात घातला, तर तो पाळणा तिथे नव्हताच. मी कोसळले.

भावाने गाडीत निजवून यवतमाळला आणलं. डॉक्टर म्हणाले, पाठीतल्या सुईच्या छिद्रातून मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी झिरपतंय. उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो, म्हणून एकाचे दोन दिसतात.

मुहूर्त टळू नये म्हणून तिकडे माझ्यामागे बारसं उरकलं म्हणे. इथे दुधाने माझा गाऊन भिजलाय.

काकू, तू तर पाळण्यापाशीच होतीस. आत्याने माझ्या लेकीच्या कानात काय नाव सांगितलं गं?