बाबा माफी मागायला गेले तेव्हा

बाबांनी घरात कधी आवाज चढवला नाही. आमच्याकडून काही वदवून घ्यायचं असलं की ते खुर्ची जवळ ओढत, चहाचा कप आमच्यापुढे सरकवत, "घाई नाही, बोल," म्हणत आणि गप्प बसत. आम्ही भावंडं न खाल्लेले लाडूसुद्धा कबूल करायचो. ते गुप्तचर खात्यात लोकांच्या चौकशा करतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिथे चहानंतर काय व्हायचं, ते आई गेल्यावर त्यांनीच मला सांगितलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

निवृत्तीनंतर ते हात धुऊन देवाच्या मागे लागले. रोज नदीवरचा ग्वारीघाट, रोज आरती. पण डोळे मिटले की एकच चेहरा दिसायचा. दारूगोळ्याच्या कारखान्यातला एक कामगार, गुप्त कागद बाहेर पुरवल्याचा त्याच्यावर संशय. बाबांच्या माराने त्याने कबुली दिली, नोकरी गेली, आणि खरा चोर मागाहून दुसराच निघाला. घाटावरच्या महाराजांनी गुरुमंत्र द्यायला साफ नकार दिला. आधी त्याची माफी घेऊन या, म्हणाले.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी बाबांना स्कूटीवर बसवून रांझीला त्या कामगाराच्या घरी नेलं. दार त्यानेच उघडलं. बाबांना ओळखलं आणि तो खाली बघायला लागला.

"काहून आले साहेब, इतक्या वर्षांनी? बसा जी."

सून चहा ठेवून गेली. बाबांनी हात जोडले. "माझ्या हातून पाप झालं. मला माफ करा."

त्याने आतलं दार ओढून घेतलं. मग बाबांनी खुर्ची जवळ ओढली, आपला कप त्याच्यापुढे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, "घाई नाही. बोला."

आपण काय करतोय, हे बाबांच्या ध्यानातही नव्हतं.

तो म्हातारा ताडकन उठून उभा राहिला. "माफ केलं साहेब, केलं. सही कुठं करू? पोरगा फॅक्टरीत आहे जी, त्याले काही करू नका."

परतताना मला त्यांचा संताप आला होता आणि कीवही येत होती. घराशी स्कूटी थांबवली तरी ते उतरेनात. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "त्याने मनापासून माफ केलं ना? घाई नाही, बोल."

पन्नाशी गाठलेली मी पटकन म्हणाले, "हो, बाबा."