वार्निशचा मेंढा

सगळे तिला तारवाली म्हणत. लोखंडी तार वाकवून ती बागांसाठी बगळे, कासवं, घोडे करायची आणि त्यांच्या अंगावर एअर प्लांट बसवायची. या झाडांना माती लागत नाही. मुळं नुसती धरून बसायला. पाणी प्यायचं ते पानांवरच्या राखाडी लवेतून. भिजवल्यावर प्रत्येक झाड उलटं धरून झटकावं लागतं, नाहीतर पोटात पाणी साचून ते कुजतं. तारवाली तासन्‌तास झटकत बसायची.

"झाडं धुतेस की कोंबड्या?" दादा विचारायचा.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांचं काम चालायचं. ती करायची, तो विकायचा. त्याची जीभ गोड. दगडालाही गिऱ्हाईक आणील अशी.

शेडच्या खिडकीत झाडांचा एक जुना गोळा टांगलेला होता. एअर प्लांट एकदाच फुलतं, मग बुडाशी पिल्लं सोडून हळूहळू जातं. तिच्या पहिल्या रोपाच्या पिल्लांना पिल्लं होत होत हा गोळा घागरीएवढा झाला होता. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं खापरपणजी. खापरपणजी विकायची नाही, हे दादालाही ठाऊक होतं.

मग एका हॉटेलच्या अंगणासाठी मेंढ्याची ऑर्डर आली. अंगभर झाडांची लोकर. कपाळावर, दोन शिंगांच्या मधे, काहीतरी भरघोस हवं होतं.

"खापरपणजी दे ना," दादा म्हणाला. "उद्घाटनापुरती. लगेच परत आणू."

"पाणी मात्र मीच घालणार."

"घाल की. तुझी पणजी, तुझा मेंढा."

तिनं दिली.

उद्घाटनाच्या सकाळी ती फवारा घेऊन गेली. पाणी मारलं तर थेंब घरंगळून खाली. एकही पान भिजेना. लव कुठेच दिसत नव्हती. पानं पॉलिश केलेल्या बुटांसारखी चकाकत होती. तिनं नाक जवळ नेलं. वार्निश. हात लावला, तर बोटं चिकटली.

मागून दादा आला. कडक इस्त्रीचा शर्ट.

"झकास दिसतोय ना? मॅनेजर म्हणाला, धुळकट वाटतंय. म्हटलं, मारू एक हात."

"दादा, मरतील ही."

"लगेच कुठे मरतात? दोन-तीन महिने छान हिरवी दिसतात."

"तुला कसं माहीत?"

तो हसला. लपवायचं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

"अगं, एक मेंढा विकून जन्म काढायचा का? झाडं गेली की नवी बसवायला गिऱ्हाईकं आपल्यालाच बोलावतात. वर तू त्यांना झापतेस, पाणी जास्त घातलंत म्हणून. तेही माना डोलावतात. खरं सांगू? धंदा तुझ्या झापण्यावरच चाललाय."

तारवालीला एक निवृत्त मास्तर आठवले. त्यांचं कासव दोनदा टक्कल पडून परत आलं होतं. तिनं त्यांना दारातच फैलावर घेतलं होतं. ते म्हणाले होते, "चुकलं माझं, बाई. माझा हातच जड आहे."

तिनं फवारा खाली ठेवला.

तिनं कटर काढला. आधी कपाळ. गोळा फोडून आतपर्यंत बोटं घातली. आतली पिल्लंही चिकट होती. दादानं कामात कसूर केली नव्हती. मग मान, पाठ, पोट. झाडं कागदी फुलांसारखी कुरकुरत खाली पडत होती.

"डोकं फिरलं का तुझं? माणसं यायला लागलीत! काय सांगू मी त्यांना?"

"तुझी जीभ गोड आहे. सांग काहीतरी."

अंगणात नुसता तारेचा मेंढा उरला. लांबून तो उंदराच्या पिंजऱ्यासारखा दिसत होता.

घरी येऊन तिनं साबणानं हात घासले. चिकटपणा जाईना. नखांत वार्निश, तळव्याला वार्निश, वासानं घसा कडू. स्वयंपाकघरातून वहिनी आली. तिनं सवयीनं ओट्याखालची टर्पेंटाइनची बाटली काढून पुढे केली.

"साबणानं नाही जात हो ते. हे घ्या. यांचे हात दर वेळी मीच पुसून देते ना."

तारवालीनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीच्या चेहऱ्यावर नुसती मदत होती. दुसरं काही नाही.

तिनं बाटली घेतली नाही. शेडमधून पक्कड आणि तारेचं वेटोळं उचललं आणि तशाच चिकट हातांनी बाहेर पडली.

"जेवायला किती वाजता येताय?" वहिनीनं मागून विचारलं.