ब्रेकची नोंद

सवयीच्या हाताकडून जे घडते, ते माणसाने केले म्हणायचे, की त्याच्याकडून झाले म्हणायचे? ही हकिकत लिहायला घेतली त्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर लेखकापाशी नव्हते आणि लिहून संपली तेव्हाही नव्हते.

गॅरेजांच्या त्या गल्लीत त्याला सगळे भिंगवाला म्हणत. कपाळावर चढवलेले भिंग तो जेवतानाही उतरवत नसे. गाड्यांचे वायरिंग करता करता तो ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाला हुकूम सोडणाऱ्या वीतभर संगणकपेटीच्या कामावर येऊन स्थिरावला होता. पेटीत पाणी शिरले की शोरूमवाले ती सरळ फेकायला सांगत. हा मात्र ती उघडून आतल्या सर्किटच्या पट्टीवर चढलेला हिरवट-पांढरा गंज दात घासायच्या ब्रशने अलगद खरवडी आणि कुठे धुगधुगी उरली आहे का ते पाही.

"आमचा पत्रा बरा," शेजारचा डेंटर ठोकाठोक थांबवून म्हणे. "कुठं लागलं ते तोंडावर दाखवतो. तुझी पेटी म्हणजे आमचे साडू. विचारलं की गप्प."

भिंगवाल्याचा एक नियम गल्लीला तोंडपाठ होता. दोष वाचणारा स्कॅनर जोडला, की पेटीत साठलेले सगळे दोष आधी पुसायचे, मग गाडी फिरवून आणायची. ओलीने, ढिल्या वायरीने उगाच नोंदले गेलेले दोष पुसले की जातात. "परत येतो तो खरा," असे तो म्हणे, आणि पंधरा वर्षांत हे सूत्र त्याला कधी तोंडघशी पाडून गेले नव्हते.

२०१७च्या सप्टेंबरात त्याच्या धाकट्या बहिणीची गाडी टोचन करून दुकानासमोर आणली गेली. पंधरा दिवसांपूर्वीच्या ढगफुटीत तिचा नवरा या गाडीसकट रेल्वेपुलाखालच्या भुयारी रस्त्यात बुडाला होता. रस्त्याच्या तोंडाशी अडथळे लावलेले होते; गाडी त्यांना वळसा घालून आत उतरली होती. पंचनाम्यात 'अपघात' असे लिहून पोलिसांनी गाडी परत दिली. त्या सकाळी नवरा-बायकोत कडाक्याचे भांडण झाले होते आणि ती म्हणून गेली होती, "जा एकदाचे, सुटू दे मला." हे तिने भावाखेरीज कुणाला सांगितले नव्हते.

"दादा, त्या पेटीत शेवटचं काही राहतं म्हणतोस ना?"

"पहिला दोष नोंदला जातो त्या क्षणाचं राहतं. वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, ब्रेकवर पाय होता की नव्हता."

"मग तेवढंच बघ. ह्यांनी ब्रेक दाबला होता का."

"आणि नसला दाबला तर?"

"तर तसं सांग. लहानपणी माझा दात पाडताना दुखणार नाही म्हणून फसवलं होतंस. आता नको फसवूस. गाडी नंतर विकून टाक."

पेटी उघडली तेव्हा आत बोटभर गाळ निघाला. पट्टीच्या वाटा गंजाने तुटल्या होत्या. तिच्यात पुन्हा वीज सोडणे शक्य नव्हते. मोडीच्या बाजारातून त्याने त्याच क्रमांकाची, एका ठोकरलेल्या गाडीतली पेटी आणली. मात्र गाडीची ओळख, चावीचा संकेत आणि शेवटची नोंद हे सारे जुन्या पट्टीवरच्या आठ पायांच्या, तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठ्या चिपमध्ये होते. तिच्यातला मजकूर आधी लॅपटॉपवर उतरवून ठेवायचा त्याचा शिरस्ता होता. पण पाय इतके कुजले होते की चिमटा लावताच एक कलला. तो मोडला असता तर सगळेच गेले असते. म्हणून त्याने नक्कल न करता ती चिपच गरम हवेने सोडवली आणि नव्या पट्टीवर बसवली. आठ पायांना दोन तास लागले. तेवढा वेळ डेंटरनेही हातोडी खाली ठेवली होती.

दुपारी, इंजिनातले पाणी काढून तेल बदलून झाल्यावर, त्याने पेटी गाडीत जोडली, स्कॅनर लावला, चावी फिरवली. गाडीने चावी ओळखली. पडद्यावर सतरा दोषांची यादी उतरली. खाली दोन चौकटी, 'नोंद पहा' आणि 'सर्व पुसा'. त्याच वेळी इंजिन एका फिरकीत सुरू झाले, आणि खिडकीतून डोकावत डेंटर म्हणाला, "मेलेली उठवलीस की रे." भिंगवाला हसला, आणि हसता हसताच त्याच्या अंगठ्याने पंधरा वर्षे जे केले होते तेच केले.

यादी नाहीशी झाली. इंजिन छान चालत होते.

त्याने चिप पुन्हा काढली, लॅपटॉपवर वाचली. जिथे नोंद असायची तिथे एकच कोरे चिन्ह ओळीने भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी बहीण आली. "दाबला होता" असे म्हणून मोकळे व्हावे, हे त्याच्या ओठांवर येऊन गेले. पण फसवू नकोस असे तिने बजावले होते.

"पुसलं गेलं," तो म्हणाला. "बघायच्या आधीच. माझ्याच हातून."

तिने त्याच्या हातांकडे पाहिले.

"मुंगीच्या पायाएवढी तार तुझ्या हातून निसटत नाही, दादा. आणि नेमकं हेच निसटलं?"

"सवयीनं झालं गं."

"तुझी सवय मला माहीत आहे. दुखणार नाही म्हणायची."

"ताई, खरंच," डेंटर दारातून म्हणाला. "मी तिथंच होतो. माझ्याकडे बघायला गेला आणि..."

"तुम्ही दादाचे मित्र. तुम्ही दुसरं काय सांगणार?" मग भावाकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "नव्हता दाबला. एवढंच ना?"

आता "दाबला होता" म्हटले असते तरी तिला ते पटले नसते, आणि "मला ठाऊक नाही" हे एकच खरे वाक्य तर तिने ऐकून फेटाळले होते. ज्या हातांच्या भरवशावर ती आली होती, त्याच हातांच्या लौकिकाने त्याला खोटे पाडले. तिने गाडीची घरातली दुसरी चावी टेबलावर ठेवली. येणे-जाणे तिने तोडले नाही. फक्त त्यानंतर तिने भावाला कधी काही विचारले नाही.

गाडी जानेवारी २०१८मध्ये एका शिक्षिकेने विकत घेतली. २०२२पर्यंत दर सहा महिन्यांनी ती गाडी भिंगवाल्याकडे तपासणीला येत होती, आणि त्या काळात तिच्या ईसीएममध्ये एकही दोष नोंदला गेला नाही.