आबांची अट आणि माझी बॅटरीची गाडी

बारामतीच्या शोरूममध्ये इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाने मला विचारलं, "ताई, गाडी रोज साधारण किती किलोमीटर चालणार?" प्रश्न साधा होता, पण मला उत्तर येईना. आमच्याकडे मालाची गाडी आज किती पळणार हे मालकाला सकाळी ठाऊक नसतं. वाटेवर कोण हात करून उभं आहे त्यावर ते ठरतं. कुणाला पेंडीचं पोतं न्यायचं असतं, कुणाला म्हातारी दवाखान्यात पोचवायची असते, आणि सगळ्यांचं ठिकाण एकाच जागी असतं: "वाटंवरच हाय की." पिकअपवाल्याने याला नाही म्हणायचं नसतं. म्हटलं, तर त्याच्या घरच्या कार्याला वाढपी मिळत नाहीत. हे सगळं त्या शर्टाला कसं सांगणार? मी ठोकून दिलं, "पन्नास." तो खूश झाला. "मग इलेक्ट्रिक पिकअप तुमच्यासाठीच आहे," म्हणाला.

तो विकायलाच बसला होता, त्यामुळे त्याचं म्हणणं मी निम्मंच धरलं. पण मला तेवढं पुरे होतं. मला क्लच नसलेली गाडी हवी होती, बाकी ती डिझेलवर चालो, विजेवर चालो, नाहीतर ताकावर.

पिंपळीला आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. ती मी चालवते. आमचे हे पाहुण्यांना "आम्ही चालवतो" असं सांगतात, ते सोडून द्या. रोपं पोचवायची डिझेलची पिकअपही पूर्वी मीच चालवायची. मग एका पावसाळ्यात शेडनेटखालच्या चिखलात पाय घसरला, डावा गुडघा मोडला आणि जोडला गेला तो कसाबसा. चालता येतं, ट्रे उचलता येतात, पण क्लच दाबायला गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. गाडी धाकट्या दिराकडे गेली. दीर माणूस वाईट नाही. पण त्याचं "आत्ता निघतो" म्हणजे जेवण, डुलकी आणि चौकातला चहा झाल्यावर. तोवर ट्रेमधली रोपं पिवळी पडायची आणि शेतकरी फोनवर मला झापायचा. काही वर्षं मी दिराच्या चपला दारात आहेत की नाहीत हे बघण्यात घालवली. स्वतःच्या धंद्यात अशी मिंधी होऊन बसले होते मी, आणि त्याचा मला भयंकर संताप यायचा.

बॅटरीच्या गाडीचं नाव काढल्यावर घरात दरबार भरला. अध्यक्षस्थानी अर्थातच आबा. आबा म्हणजे माझे सासरे. अख्खी वाडी त्यांना आबाच म्हणते आणि अख्ख्या वाडीला ते सल्ला देतात.

"आवाज न्हाय म्हंजी ताकद न्हाय," आबांनी सुरुवातीलाच निकाल दिला. "आन चार्जिंग संपल्यावर मोबाइल खिशात घालून येता येतो. गाडी कुठल्या खिशात घालणार हाय?"

मी गुडघ्याचं सांगितलं. गिऱ्हाइकं तुटतात तेही सांगितलं. आबांनी बराच वेळ सुपारी कातरली.

"घ्या," ते शेवटी म्हणाले. "पर एक अट. ज्या दिवशी ती ट्रॅक्टरला बांधून घरी यील, त्याच्या दुसऱ्या दिवशी विकायची. मग रोपं धाकट्याच्या गाडीतनं जातील आन तू पुन्यांदा नाव काढायचं न्हाय."

मी कबूल केलं. आमच्या ह्यांनी मान हलवली. ती कुणाच्या बाजूने हलवली हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गाडी आली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. आवाज येईना म्हणून गाडी अजून चालूच झाली नाही असं समजून जाऊबाई पुढे उभ्या राहून निवांत कुंकू लावत होत्या. मी नुसता पाय टेकवला, लिंबू फुटलं, आणि त्यांनी जी उडी मारली ती थेट तुळशीपाशी. त्या दिवसापासून त्या गाडीला दुरूनच नमस्कार करतात. आबांचं निराळंच. ते रोज सकाळी विचारायचे, "पाणी बघितलं का गं?" हिला डिझेलच्या गाडीसारखं रोज पाणी घालावं लागत नाही असं मी सांगितलं, तर म्हणाले, "म्हस पान्याबिगर ऱ्हात न्हाय, आन ही ऱ्हाती व्हय?" एकदा तर कळशी घेऊन गाडीभोवती फिरताना दिसले. ओतायची जागा सापडली नाही म्हणून वाचलो.

पण गाडी चालली. रात्री कडबाकुट्टीच्या मशीनच्या प्लगला लावायची, सकाळी भरलेली. कोऱ्हाळे बुद्रुकला रोपं टाकून आले, दोन तासांत परत दारात. डावा पाय नुसता मांडी घातल्यासारखा आरामात. पहिल्या दिवशी येताना मी गाडीत एकटीच मोठमोठ्याने गात होते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे रस्त्याकडेच्या लोकांना ते नीट ऐकू गेलं, हा त्या गाडीचा एक तोटा.

दुसरा तोटा पुढे कळला. उसाच्या सुरू हंगामातल्या लागणीच्या दिवसांत इंदापूरच्या अंगाला, कळसच्या एका शेतकऱ्याची मोठी ऑर्डर आली. जाऊन येऊन बॅटरी पुरते, वर बरीच उरते, असा माझा हिशोब होता. ट्रे भरून मी निघणार, तेवढ्यात आबा स्वच्छ धोतर, कडक टोपी घालून दारात. "मी बी येतो," म्हणाले आणि शेजारी बसलेसुद्धा. गाडीचा निकाल लावायलाच ते निघालेत हे मी ओळखलं.

फाट्यावर एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन उभी होती. मी थांबणार नव्हते, पण आबांनी काच खाली केली. "कुठं निघाली? बस मागं. वाटंवरच हाय!" पुढे एक फवारणीचा पंप, त्याच्याबरोबर त्याचा मालक. मग पंक्चर झालेली एक मोटारसायकल आडवी करून ट्रेच्या बाजूला बांधली, हीही वाटेवरच. एक गृहस्थ तर बिचारे झाडाखाली नुसते सावलीला थांबले होते. आबांनी त्यांनाही सोडलं नाही. आबांना नाही कसं म्हणायचं म्हणून ते चढले आणि पुढच्या गावात उतरून, बहुतेक, परत चालत गेले. प्रत्येकाचं "वाटेवर" म्हणजे कुठला तरी ओढा ओलांडून आत. बॅटरीचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता.

"आबा, आशानं चार्जिंग संपंल."

"आसं व्हय?" आबा भोळेपणाने म्हणाले. "डिझेलला आसलं काय नसतं बघ."

कळसला शेतकरी आणि त्याची बायको वाटच बघत होते. रोपं उतरली, मुळ्या बघितल्या, पसंत पडल्या. आता गाडी हलकी होईल या आनंदात मी चहा प्यायले. पण आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. ही रीत वाटीपुरतीच आहे असा माझा समज होता. त्या बाई म्हणाल्या, "रिकामी गाडी कशी लावून द्यायची?" आणि त्यांनी पेरूच्या दोन पाट्या, कांद्याची पोती आणि गाईसाठी मक्याचा हिरवा चारा चढवायला घेतला. मी नको नको म्हणत होते. आबा मात्र मागे जाऊन फाळका धरून उभे होते. "आजून जागा हाय बघा ह्या कोपऱ्यात," ते त्यांना दाखवत होते.

निघाल्यावर मी आबांशी बोलणं बंद केलं. मनात हिशोब चालू होता. सरळ घर गाठलं, वाटेत कुणी चढलं नाही, तर पोचत होते. कळसच्या बाहेर पडल्यावर ते खाकरले.

"सूनबाई."

"काय?"

"हितनं आत एक रस्ता जातो."

"वाटंवरच आसंल," मी फणकारले.

"न्हाय," आबा म्हणाले. "वाटंवर न्हाय. लई आत हाय. अक्काची वस्ती."

अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं. आता तिला उठता-बसता येत नव्हतं. दिराची डिझेलची गाडी या रस्त्याने आठवड्यातून एकदा तरी जायची. आबा शेजारी बसलेले असायचे, त्या वळणाशी विचारायचे, आणि दीर म्हणायचा, "आज घाई हाय आबा, परत बघू." दोन भाऊबिजा फोनवर झाल्या होत्या.

मी बॅटरीकडे बघितलं. आत जायचं तर घर गाठणं कठीण होतं. न गाठणं म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. मला राग आला, अगदी खराखुरा. सकाळपासून माणसं आणि कांदे चढवून मला बुडवायला निघालेला हा माणूस, आणि आता खरं मागणंही त्यालाच आठवावं! पण दुसऱ्याच्या हातातल्या स्टेअरिंगकडे बघत गप्प बसणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चरफडत का होईना, मी गाडी आत वळवली.

अक्का पडवीत बाजेवर होत्या. आबांना बघून आधी त्या ओरडल्याच. "आलास व्हय रं? किती वाळलास! सून खायाला घालती का न्हाय?" मग त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला तो कितीतरी वेळ सोडेनात. घरादाराला धाक घालणारे आबा त्यांच्या पायाशी मुकाट बसून शेंगा सोलत होते. मी वायर घेऊन पडवीतला प्लग शोधला, घातला. काहीच झालं नाही. "लाइट सकाळधरनं गेलीया," अक्का म्हणाल्या. "येती, येती म्हणत्यात नुसतं." तासभर वाट बघितली. आली नाही. निघताना त्यांनी शेंगांचं गाठोडं पुढे केलं, तर आबा घाईघाईने म्हणाले, "नगं अक्का, गाडीला जड हुतंय." मी आश्चर्याने बघतच राहिले. अक्कांनी अर्थातच ऐकलं नाही.

परतीच्या वाटेवर मी पंखा बंद केला, वेग कमी केला, देवाचं नाव घेतलं. आबा श्वास रोखून ताठ बसले होते. हात करणाऱ्या एका माणसाकडे त्यांनी चक्क पाठ फिरवली. पिंपळी जवळ आली तसं गाडीच्या पडद्यावर कासवाचं चित्र उमटलं.

"ह्ये काय म्हणतंय?"

"आता हळूच चालणार म्हणतंय."

"चालू दे, चालू दे," आबा कासवाला म्हणाले.

कालव्याच्या पुलाशी गाडी थांबली. आमच्या घरावरची पाण्याची टाकी तिथून दिसत होती. दिवस मावळतीला आला होता. मी स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि मला रडूच फुटलं. उद्यापासून परत दिराच्या चपला बघायच्या, हे एवढंच डोक्यात येत होतं.

मागून गाण्यांचा धुमधडाका ऐकू आला. कारखान्याला ऊस टाकून दोन रिकाम्या ट्रॉल्यांसकट एक ट्रॅक्टर येत होता, आमच्याच वाडीचा. ड्रायव्हरने ब्रेक मारला, एका नजरेत सगळं ओळखलं आणि हसू दाबत सीटखालून दोर काढला. आबांची अट वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत होती.

"वहिनी, काढा गाडी न्यूट्रलला. घरापतोर वढत नेतो."

मी काही बोलणार, तोच आबा दार उघडून खाली उतरले. टोपी सारखी केली. ट्रॅक्टरपर्यंत गेले आणि त्याच्या हातातला दोर घेऊन परत त्याच्याच सीटवर ठेवला.

"जा तू म्होरं."

"आवं आबा, अंधार पडंल की."

"जा म्हणलं ना!"

ट्रॅक्टर गेला. आबा माझ्याकडे न बघता पुलावरून खाली उतरले आणि कालव्याच्या कडेच्या वस्तीकडे चालू लागले. कुणाच्या दारात काही मागायला गेलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने ते परत आले ते तिथल्या एका घराच्या मालकाला घेऊन. दोघांच्या खांद्यावर पाण्याच्या मोटरीच्या वायरीची भलीमोठी वेटोळी होती. घरापासून पुलापर्यंत वायर सोडत ते आले होते. मालकाच्या मिशीत हसू मावत नव्हतं.

"मग आबा," तो म्हणाला, "बंद पडली ना शेवटी सुनंची गाडी?"

आबा वाकून वायरीचं टोक माझ्या हातात देत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"बंद कशाला पडंल?" ते म्हणाले. "बहिणीकडं जाऊन आलोय तिच्यातनं."